बाहेरच्या बाजूने

प्रिय ठमे,

अक्षर बघून दचकू नकोस, मीच आहे. आई ठणठणीत आहे, मीही आहे, तेव्हा पत्रात वाईट बातमी शोधत बसू नकोस. सहा वर्षं तू फोनवर आईशी बोलतेस आणि मी शेजारी बसून पेपर वाचायचं सोंग करतो. परवा आई म्हणाली, सोंगच करायचं तर निदान पेपर सुलटा तरी धरा. तुझी फार आठवण येते. हे एक वाक्य लिहायला मला सकाळची दुपार झाली, त्यामुळे आता ते खोडत नाही.

बातमी अशी की वाचनालयाच्या काचा मी खराब केल्या. हो, त्याच, जमिनीपासून छतापर्यंतच्या, आपण दोघांनी बसवलेल्या. मापं तू घेतली होतीस आणि एक सूतही इकडचं तिकडे झालं नव्हतं. काच दिसली तर तो कारागीर कसला, असं मी जन्मभर मिरवत आलो. काम ताब्यात द्यायच्या दिवशी सकाळी तू पायरीवरून काचेवर आपटून मेलेली तीन पाखरं उचललीस आणि साबणाचा बोळा घेऊन सगळ्या काचांवर रेघोट्या मारत सुटलीस. मी कामगारांसमोर तो बोळा हिसकावला आणि म्हणालो, काचेची लाज वाटत असेल तर या धंद्यात तुझं काम नाही. तू काच कापायची हिरकणी टेबलावर ठेवलीस आणि आठवड्याभरात दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. लोकांना मी सांगत राहिलो, पोरगी मोठ्या कंपनीत लागली. खोटं नव्हतं ते, पण का गेली ते मी कधी सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात वाचनालयाच्या बाईंनी बोलावून घेतलं. बुटांच्या खोक्यात कापसावर एक पिवळसर पाखरू ठेवलं होतं, अजून कोमट. हातात घेतलं तर त्याला वजनच नव्हतं. बाईंनी नुसतं खोक्याचं झाकण लावलं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी पांढरी चिकटपट्टी घेऊन मी आणि आई ठिपके कापायला बसलो. तिचे गोल गरगरीत, माझे बटाट्यासारखे. ठिपक्या-ठिपक्यात तीन बोटांचं अंतर ठेवायचं, पाखराला आपण यातून जाऊ असं वाटेल एवढी फट सोडायची नाही. चार दिवस खपून सगळ्या काचा भरल्या. पाचव्या दिवशी बाईंचा निरोप आला, खोक्यात आणखी एक.

माझं डोकंच फिरलं. आत उभं राहून पाहिलं तर ठिपके लख्ख दिसत होते. बाहेर जाऊन पाहिलं तर एकही नाही. काचेत नुसती झाडं, ढग आणि कमरेवर हात ठेवून उभा असलेला एक म्हातारा. काचेवरची फिल्म आतून लावायची म्हणजे ऊनपावसात टिकते, हे हातात इतकं मुरलेलं की ठिपकेही मी आतूनच लावले होते! पाखरू येतं बाहेरून, त्याला काचेतलं झाडच दिसणार ना. मग सगळं खरवडून काढलं आणि शिडी लावून बाहेरच्या बाजूने नव्याने चिकटवलं. आई शिडी धरून खालून सूचना देत होती, आणि त्या ठिपक्यांपेक्षा जास्त होत्या. आता तीन आठवडे झाले, खोकं रिकामं आहे. एक साळुंकी काचेच्या हातभर अलीकडून गर्रकन वळताना मी स्वतः पाहिली. आता काच रस्त्यापलीकडूनही दिसते. मला शरमेने मान खाली घालायला हवी होती, पण मी जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून दाखवत होतो.

पण हे पत्र पाखरांसाठी लिहिलेलं नाही. ठिपके लावायच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी मी शिडीवरून उतरलो तर आई कुठे दिसेना. हाका मारल्या, चक्कर मारली, शेवटी काचेला नाक लावून डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हातांचा आडोसा धरला, तर ही आत खुर्चीवर बसून माझी फजिती बघत हसत होती, अगदी समोर. आणि मला एकदम दुसरीच एक दुपार आठवली. तू गेल्यावर काही महिन्यांनी अशाच एका दुपारी आपल्या दुकानाच्या काचेसमोर येऊन उभी राहिली होतीस. जेवणासाठी मी दार लावून घेतलं होतं आणि आत टेबलाशी बसलो होतो. तू थेट माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, आता दार वाजवेल. तू केस सारखे केलेस आणि निघून गेलीस. पोरीने बापाला पाहिलं आणि पाठ फिरवली, हे मी इतकी वर्षं उराशी धरून बसलो. त्याच काचेचं कौतुक गिऱ्हाइकांना मीच करायचो, की दिवसा बाहेरून आतलं काही दिसत नाही. तुला मी दिसलोच नव्हतो. तुला दुकान बंद वाटलं असणार. मला मात्र तू दिसत होतीस, अगदी चपलेचा तुटलेला पट्टासुद्धा, आणि तरी मी जागचा हललो नाही. त्या दुपारी मी आत होतो, ठमे. मी उठायला हवं होतं.

तुझाच,
हट्टी बाप