ताई कधी आली?

मंगळ., २० जाने.
आईचे फोन मोजायचं सोडलं. सकाळी 'उठलीस का', दुपारी 'जेवलीस का', संध्याकाळी 'रूमवर पोचलीस का'. मग अजून एक, म्हणे चुकून लागला. लॅबमध्ये हातात काचसामान, खिशात फोन थरथरतोय. सर म्हणाले, "घरी ठीक ना सगळं?" घरी ठीक आहे सर, माझंच ठीक नाही. दहिवडी सोडून फार्मसीला बेलापूरला आले, कळंबोलीत रूम घेतली, त्याला दीड वर्ष झालं. पण मी जेवायचं विसरते यावर आई ठाम.

शुक्र., २३
दत्तूमामा आले. ते ट्रक घेऊन कळंबोलीच्या लोखंड बाजारात आले की आई पिशवी पाठवणारच. मग मी गाड्यांच्या रांगांतून त्यांची गाडी शोधत फिरायचं. धूळ, डिझेल, आणि सगळे ड्रायव्हर बघतायत. आज भूक लागली होती म्हणून मामांबरोबर केबिनमध्येच पिशवीतली भाकरी सोडली. शेंगदाण्याची चटणी. पहिल्याच घासाला जिरं. आई जिरं घालत नाही, ताई घालते. आणि ताई तर फलटणला, सासरी.
"मामा, ताई घरी कधी आली?"
मामा चावायचे थांबले. "तुला सांगितलं न्हाय व्हय?"
"नाही."
"मग मी बी काय सांगितलं न्हाय बघ."
पण एवढं सुटलंच त्यांच्या तोंडून: दिवाळी झाली तेव्हापासून घरी आहे!! रोज एवढे फोन, आणि ताई त्याच घरात, बहुतेक शेजारीच बसलेली.

शनि., २४
आईला धरलं. आधी "तुला कोण म्हणलं?" मग "तुझी परीक्षा हुती."
"परीक्षा डिसेंबरात संपली."
"मग तुला सर्दी झाली हुती."
काय बोलायचं या बाईशी.
दाजींनी हात उचलला. एकदाच, आई म्हणते. एकदाच म्हणजे काय?
आणि ताई! मी फोन केला की "सासूबाई हाक मारत्यात" म्हणून ठेवायची. कुठली सासूबाई. आईच हाक मारत असणार.

रवि., २५
रागाने फोन बंद ठेवला. घोडचूक. संध्याकाळपर्यंत रूममेट शबानाला आई, अप्पा, आत्या सगळ्यांचे फोन. शेवटी मालकीणबाई वर आल्या. "गो, तुजी आयस रडतं. फोन का घेत नाय?" त्यांचा नंबर आईकडे कसा गेला देव जाणे.
अप्पांशी बोलले. पुढच्या रविवारी दाजींकडची माणसं येणार, बसून मिटवायचं. "मिटवायचं म्हणजे?" तर "तू अभ्यासाकडं बघ." शाब्बास.

मंगळ., २७
ताई गच्चीवर जाऊन बोलली. थेट विचारलं, तुला परत जायचंय का? मला वाटलं रेंज गेली, "हॅलो हॅलो" करत बसले.
मग म्हणाली, "हे मला अजून कुणी इचारलंच न्हाय गं."

रवि., १ फेब्रु.
उद्या प्रॅक्टिकल, जाता येईना. भांडून व्हिडिओ कॉल लावायला लावला. अप्पांनी फोन तांब्याला टेकवला. अर्धा वेळ मला पंखा आणि दाजींच्या काकांचं कोपर. पुरुष बोलतायत. पोरगी संसार मोडते का, चार भांडी एकत्र आली की... तेच ते. दाजी खाली मान घालून. आणि जिच्याबद्दल हे सगळं ती चहा वाटतेय!
ओरडले, "अहो, ताईला विचारा!" कुणी ढिम्म हललं नाही. म्यूट होते. शबानाने बटण दाबलं, मी परत ओरडले. आता सगळे तांब्याकडे बघायला लागले.
काका: "हे कोण बोलतंय?"
अप्पा: "धाकटी. मुंबईला असती."
माझी लाज काढणार असं वाटलं. पण अप्पा ताईकडे वळले. "बोल बाळ."
तिने ट्रे खाली ठेवला. "मला इतक्यात जायचं न्हाय."
आणि कॉल कट. परत लागेचना. रात्री आईचा मेसेज: जेवलीस का.

शुक्र., ६
ताई बुधवारी आली, मामांच्याच ट्रकमधून. आई म्हणते थोडे दिवस हवापालट. हवापालट, कळंबोलीत! तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की कळेल. आल्या आल्या माझं कपाट आवरलं. आता काही म्हणजे काही सापडत नाही. आईचे फोन डबल. शबाना माझं सोडून तिचंच ऐकते.
काल बेलापूरला आली माझ्यासोबत. मी लेक्चरला, ही बाहेर बाकावर. परत आले तर शिवणक्लासची चौकशी करून बसली होती.

मंगळ., १०
दाजींचा फोन. ताईला. रविवारी इथे येतायत. मी म्हटलं, नको सांग.
"येऊ दे. मला बोलायचंय त्यांच्याशी."
"बरं. मी असेन तुझ्याजवळ."
"तू थांबायचं न्हाईस. तू मधी बोलतीस."
रूम माझी, आणि बाहेर मीच! मी बोलले म्हणून तर... जाऊ दे. बरीच भांडले. ती मेथी निवडत राहिली. परत हात उचलला तर काय करशील, विचारलं. म्हणाली, "आता न्हाय उचलणार." कशावरून? शबाना म्हणते रविवारी आपण पिक्चरला जाऊ. ताईला 'हो' म्हणून सांगितलं.
जाणार नाही. खालच्या जिन्यात बसणार आहे.