नारिंगी फ्रॉक

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. चार ओळी खुशालीच्या आणि बाकी पानभर नुसता धाक. एवढ्या मोठ्या शहरात पोरं घेऊन बागा कसल्या हिंडतेस, हात सुटला की शोधणार कुठे, असं तू लिहितेस. तू बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहेस की पोलीस ठाण्यात?

दोन खोल्या, त्यातली एक माझ्या मशीनने आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांनी अडवलेली. पोरांनी नाचायचं कुठे? ह्यांना दुकानातून सवड नसते, म्हणून शनिवारी ठमीची शाळा सुटली की मीच दोघांना घेऊन बसने मोठ्या बागेत जाते. ठमी घसरगुंडी सोडत नाही आणि आमचा धाकटा, बोका, वाळूत बसला की उठायचं नाव घेत नाही.

मनातून मीही घाबरतेच. म्हणून एक युक्ती केली आहे. एका शाळेच्या सहलीसाठी मुलींचे नारिंगी फ्रॉक शिवायचं काम आलं होतं. ताक्यातलं कापड उरलं, त्यातून ठमीलाही एक शिवला. रंग इतका भडक की तळ्यापलीकडूनही पोर दिसावी. शिवाय तिला बजावलंय, मी दिसले नाही तर जागची हलू नकोस, मीच येईन. आता तरी निवांत झोप.
माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. युक्ती वाचून हसू आलं, झोप मात्र आली नाही. अगं, रंगावर काय विसंबतेस? आमच्या वॉर्डात सगळी बाळं एकसारख्या पांढऱ्या दुपट्यात असतात. म्हणून बाळाच्या मनगटाला नंबराची पट्टी बांधतो आणि तोच नंबर आईच्याही मनगटाला. पहिल्या दिवशी आईसुद्धा चुकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चुकली की कशी रडते, तेही पाहिलंय.

फिरायला जा, पण नजर हलू देऊ नकोस. बोक्याचा पापा. ठमीला म्हणावं, मावशी आठवण काढते.
तुझी ताई

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. अक्षर वाकडंतिकडं आलंय, लावून घे.

तुझं पट्टीचं पत्र मी ठमीला वाचून दाखवलं होतं. दोघी खूप हसलो होतो. काल बागेत गेलो. बोक्याच्या सँडलमध्ये वाळू गेली म्हणून तो भोकाड पसरून बसला होता. मी त्याचे पाय झटकत होते आणि अधूनमधून मान वर करून बघत होते. घसरगुंडीपाशी नारिंगी फ्रॉक दिसत होता. दिसला की पुन्हा मान खाली. बराच वेळ असंच चाललं. मग हाक मारली, ठमे, चल. मुलीने वळून पाहिलं आणि तो चेहरा ठमीचा नव्हता.

ताई, झाडांमागून पोरी धावत आल्या, सगळ्या नारिंगी. त्या शाळेची सहल तिथेच आली होती. सहलीसाठीच शिवून घेतलेले फ्रॉक, मला ठाऊक होतं, तरी कधी डोक्यात आलं नाही. सगळ्यांवर माझ्याच हातची शिलाई. मी एकेकीला खांद्याला धरून वळवत सुटले. एकीच्या वेण्या अगदी ठमीसारख्या. तिचा हात धरला तेव्हा इतकं हायसं वाटलं, की तोंडही न बघता तिला ओढत फाटकाकडे निघाले. ती रडायला लागली तेव्हा कळलं. त्यांच्या बाई धावून आल्या, माझ्यावर ओरडल्या. बरोबरच होतं त्यांचं. मला कुणाचं काही ऐकूच येत नव्हतं. तळ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती आणि दुसरीकडे नजर जात नव्हती.

ठमी सापडली. आमच्या बाकामागच्याच झाडाखाली उभी होती, जागची हललेली नव्हती. रडली नाही. इतक्या जवळ होतीस तर हाक का नाही मारलीस, असं विचारलं तर नुसती बघत राहते. कालपासून धड बोलत नाही, जेवत नाही.

फ्रॉक मी कात्रीने उभा फाडून टाकला. आता बाग नको, काही नको. दाराला कडी घातली आहे. बोका दारापाशी बसून चपला दाखवतो. दाखवू दे. शाळेतून यायला उशीर झाला तरी माझा जीव जातो. तूच खरी ठरलीस.
धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. मला खरं ठरायचं नव्हतं गं. पत्र वाचून मी वॉर्डातच खाली बसले.

पण कडी घालून पोरं वाढत नाहीत. आणि ठमीला खोदून खोदून विचारू नकोस. कागद-पेन्सिल दे, मावशीला पत्र लिही म्हणावं. ती काय लिहिते ते वाचायला जाऊ नकोस. तुला सांगता येत नसेल ते मला सांगेल.
तुझी ताई

२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. नमस्कार कसा लिहायचा ते आईने सांगितलं. बाकीचं मी एकटीने लिहिलं आहे.

मी हरवले नव्हते. मी आईने सांगितलं तशी उभी होते. मला आई दिसत होती. बोका तिच्या कडेवर होता. आईने दुसऱ्या मुलीचा हात धरला आणि ती फाटकाकडे चालायला लागली. मला वाटलं, आईला तीच ठमी वाटते, आता तिला घरी नेणार. मग माझ्या जागेवर ती झोपणार. मी हाक मारणार होते पण तोंडातून आवाजच आला नाही. आणि हलायचं नव्हतं.

आई रात्री मला सारखी हात लावून बघते. मी जागीच असते. मला भीती वाटते की तिला अजून नीट कळलं नाही.

तुझ्या दवाखान्यातल्या त्या पट्ट्या पाठव. माझी नसली तरी चालेल, मला आई ओळखू येते. आईची मात्र नक्की पाठव. पट्टी आली की आपण बागेत जाऊ, असं मी तिला सांगितलंय. तिने बोक्याच्या सँडलमधली वाळू झटकून ठेवली आहे.

तू माझी आठवण काढत जा.
तुझी खरी ठमी