हिरामणच्या ओट्यावर

१२ सप्टेंबर १९५७

आजही ताट तसंच परत आलं. मांदेली तळली होती, त्याच्या आवडीची. एक घास घेतला, तोच तोंडात फिरवत बसला, मग उठून हात धुतले. हिरामण! तोंडाने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण कागदावर मला कोण अडवतंय?

मी म्हटलं, "अजून एक घास तरी."

तर म्हणतो, "रोहिदासला भूक लागत आसंल का गं?"



१४ सप्टेंबर

बोलायला कोणी नाही म्हणून लिहिते. माहेरी करंजाड्याला सातवीपर्यंत शिकले, तेवढं तरी कामाला आलं.

नारळी पौर्णिमा झाली आणि आमच्या दिवाळे गावातल्या सगळ्या होड्या खाडीत उतरल्या. हिरामण आणि रोहिदास दोघांची मिळून एक होडी. पोरवयापासूनचे जोडीदार — एक शिडाला, एक वल्ह्याला. खाडीच्या तोंडाशी वारं एकदम फिरलं आणि होडी पालथी झाली. दोघांनी एकमेकांचा हात धरला होता. लाटेत सुटला. हिरामणला मागच्या होडीने उचललं. रोहिदासचा देह नंतर करावे गावाच्या बाजूला मिळाला.

रोहिदास म्हणजे बायजाबाईंचा एकुलता मुलगा. नवरा त्यांचा कधीच गेला. घरात आता त्या एकट्या.

हिरामण तेव्हापासून एवढंच बोलतो — "मी हात सोडला." जागेपणी तेच, झोपेतही तेच. गणपती आले न् गेले, आमच्या घरात आरतीचा सूर नाही.

१७ सप्टेंबर

आज हसला!

माझा भाऊ वामन आला होता. हिरामणने हातातलं चांदीचं कडं काढलं आणि त्याच्या हातात घातलं. लग्नातलं कडं! वामन खूश. "भावोजी, खरंच मला?" तर म्हणाला, "वापर. मला काय करायचाय?" सकाळी शेजारच्याला नवीन जाळं देऊन टाकलं होतं. दुपारी छपरावर चढून गळकी कौलं सगळी नीट बसवली, माझ्यासाठी लाकडं फोडून रचून ठेवली. अगदी शांत. कपाळावर आठी नाही.

शेजारी म्हणाले, "सावरला गं तुजा मानूस."

मला नाही तसं वाटलं. कोणी गावाला निघतं तेव्हा घर असं आवरून ठेवतं.  

१८ सप्टेंबर

काशीकडे गेले. काशी म्हणजे कान्हा भगताची बायको. बाजारात आम्हा सगळ्यांच्या आधी मासळीची पाटी लावते आणि सगळ्यांच्या नंतर उचलते. कोलंबी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. कडं, जाळं, लाकडं.

तिने कोलंबी खाली ठेवली. म्हणाली, "इचारलंस का त्याला?"

"काय?"

"मरायचं मनात येतं का म्हनून."

मी कानावर हात ठेवले. "असं कसं विचारू काशीआये? मीच डोक्यात घातल्यासारखं होईल!"

"डोक्यात आसंल तर ते हायच. नसंल तर तुज्यावर ओरडंल. ओरडू दे." मग थोडं थांबून म्हणाली, "माजी भैन करावेला दिली होती. आमी कोनी इचारलं नाय. सगळ्यांना वाटलं, इचारलं तर वंगाळ दिसंल."

  कोलंबी घेऊन तिच्यासोबत निवडत बसले. उठताना म्हणाली, "आजच इचार. आनि तो नको बोलला तरी मला येऊन सांग."

१८ सप्टेंबर, संध्याकाळ

विचारलं.

मागच्या दारी खाडीकडे बघत बसला होता. मी शेजारी बसले.  शेवटी एकदम बोलले, "अवो, तुमच्या मनात मरायचं येतं का?"

ओरडला नाही.  माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "येतं. रोज येतं." आणि जे रडायला लागला — लग्नाला सहा वर्षं झाली, मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं! माझ्या पदरात तोंड घालून लहान मुलासारखा. मीही रडले. पण खरं सांगू? छातीवरचा धोंडा हलला. इतके दिवस मी एकटी ह्या गोष्टीला भीत होते, तो एकटा तिला भीत होता. आता दोघं मिळून भितो आहोत.

म्हणाला, "तुला कसं कललं?"

"ताटावरनं," मी म्हटलं.

"कोनाला सांगू नको, सगुणा."

"सांगणार. तुमी रागवा माझ्यावर. पन सांगणार."

लगेच काशीकडे गेले.

१९ सप्टेंबर

पनवेलच्या डॉक्टरांकडे नेलं. वामन सोबत. डॉक्टरांनी त्याला आपल्या जवळ बसवून घेतलं, घाई केली नाही. दर्या, होडी सगळं विचारलं. बाहेर मला म्हणाले, "हा आजार आहे बाई, ह्यात लाज कसली? औषध तुमच्या ताब्यात ठेवा. आणि माणूस एकटा राहता कामा नये."

परत येताना मी विचार करत होते — मी पाटी घेऊन बाजारात गेले, तर घरी कोण? नाही गेले, तर चूल कशी पेटणार?

२० सप्टेंबर

सकाळी दार उघडते तर ओट्यावर गावातली तीन माणसं! मांडीवर फाटकी जाळी. मी म्हटलं, "काय हो?"

"तुमच्या ओट्यावर वारा बरा लागतो, वैनी. हितंच सांधतो."

वारा! पूर्वेचा ओटा, सकाळभर उन्हात भाजतो! कोणी हसलं नाही. मी गपचूप चहा टाकला. हिरामण आत पडून होता. बाहेर मुद्दाम चुकीच्या गाठी मारल्या असणार, कारण दुपारी तो दारात येऊन म्हणाला, "आरं, आसं काय सांधता? मासा हसंल तुमाला." आणि खाली बसून सुई घेतली.

मी बाजारात गेले. वाटेत काशी म्हणाली, "रोज कोन ना कोन येनार. तू काय बोलू नको." काय काय सांगितलंय तिने, किती जणांना, कोण जाणे. पण एकाच्याही तोंडावर दया नव्हती. तेवढ्याने मला भरून आलं.

२२ सप्टेंबर

कुठून तरी अफवा उठली की हिरामणला दर्यातलं काही लागलंय. चार म्हातारे कान्हा भगताला घेऊन आले. मला धडकी! आता धूर घालतील, झोडपतील. तसं बघितलंय मी इतरांचं.

कान्हाने अंगारा लावला. हिरामणचा हात हातात घेतला. मग म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झपाटबिपाट काय नाय. पोरगा दुखावलाय. पन गावदेवीची सांजवात आता ह्यानं लावायची. रोज. मी वांगडा, सोबतीला येईन, माजे गुडघे गेलेत."

गुडघे गेलेत! परवा जत्रेचा धोंडा उचलायच्या गोष्टी करत होता! पण आता रोज संध्याकाळी हिरामणला घरातून निघावं लागतं. वात राहिली तर देवी अंधारात. जातो.

२५ सप्टेंबर

थोडं जेवला.

२८ सप्टेंबर

वाईट दिवस. कसं लिहू?

बाजारात शेजारच्या पाटीवरची गोजरा माझ्यामागे बोलली, मोठ्याने बोलली — "दोघं गेलं, एक आला. आला कसा, ते कोन इचारतंय?" मी ऐकलं न ऐकलंसं केलं. पण बोलणं माझ्याआधी गावात पोचलं. ओट्यावरच्या कोणाच्या तरी तोंडून निसटलं. हिरामण उठला, पाणी पितो म्हणून आत गेला, मागच्या दाराने निघून गेला.

मी आले तेव्हा गावभर हाका चालल्या होत्या. पाटी फेकली आणि धावले. बायका मिठागराच्या बाजूला, पुरुष बंदराकडे. काशीचा आवाज सगळ्यांच्या वर, "हिरामणाऽ!"

खाडीच्या बांधावर सापडला. बसला होता. कान्हा आधीच पोचून त्याच्या शेजारी टेकला होता आणि बोंबलाच्या भावाबद्दल बोलत होता! का कमी झाला, व्यापारी कसे लुटतात, सुकवायला बांबू किती लागतील. त्या बोलण्याला अंतच नाही. हिरामण ऐकत होता की नाही, देव जाणे. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.  कान्हा बोलत राहिला. बऱ्याच वेळाने हिरामण म्हणाला, "बांबू माज्याकडं हायत." आणि उठला.

आम्ही घरी आलो. आज जाळीवाल्यांपैकी दोघे ओट्यावरच मुक्कामाला आहेत. कोणी बोलावलं नव्हतं.

२९ सप्टेंबर

पाटलांनी कालच्या बोलण्यावरून गावकीची बैठक बसवली. बायका लांब, वडाखाली. हिरामण आला नाही, मी गेले.

पाटील बोलायला उठले तेवढ्यात बायजाबाई बायकांतून निघाल्या आणि सरळ मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. रोहिदास गेल्यापासून त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. 

"पोरगा माजा गेला," त्या म्हणाल्या. "तुमचा नाय. मी हिरामणला काय बोलले नाय, मंग तुमी कोन बोलनारं? त्याच्यावर ज्याचं तोंड सुटंल, त्यानं आधी माज्या दारात यावं."

गोजरेने मान खाली घातली. पाटील म्हणाले, "आयका सगळ्यांनी," आणि बसले. एवढीच गावकी झाली.

३० सप्टेंबर

बायजाबाई आज घरी आल्या. हातात झाकलेलं पातेलं.

हिरामण त्यांना बघून भिंतीला टेकला. आत जायला वाट नाही असा. त्या समोर बसल्या.

"हिरामण, इकडं बघ. त्या दिशी काय झालं ते सांग मला."

"आये, नको..."

"सगळी माज्यापासून लपवतात. मेलेल्या पोराचं कोन आईला सांगत नाय. तू व्हतास तिथं. तूच सांग."

सांगितलं त्याने. थांबत थांबत. वारं कुठून आलं, शीड कसं फाटलं. रोहिदास आधी हसला, म्हणे, "आज बुडवतोस वाटतं!" — असा तो, वादळात थट्टा! बायजाबाई ह्या वाक्यावर हसल्या आणि हसता हसता रडल्या. मग गोष्ट हातापाशी आली.

"मी हात सोडला, आये."

"दाखव."

त्याने हात पुढे केला. मनगटावर ओरखड्यांचे व्रण होते, पुसट होत आलेले. मी रोज बघत होते, विचारलं नव्हतं. रोहिदासच्या नखांचे. बायजाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"सोडनाऱ्याच्या हातावर आसं वळ उठत नाय. हात सुटला. सुटनं येगलं, सोडनं येगलं." मग पातेल्यावरचं झाकण काढलं. चिंबोऱ्यांचं कालवण. "एका मानसाचं रांधता येत नाय मला. सवय नाय. रोज उरतं. दुपारी आनीन, तू जेवायचास."

जेवला. हात चाटून जेवला! मी आत जाऊन चुलीपाशी रडले.

३ ऑक्टोबर. दसरा

तेव्हा ओढून आणलेली होडी बंदरात पडून आहे, तिला हिरामणने तोरण बांधलं. फक्त तोरण. पाण्यात नाही नेली. चालेल.

९ ऑक्टोबर

काल परत दिवसभर पडून. भिंतीकडे तोंड. मला वाटलं, सगळं वाया. काशी म्हणाली, "भरती ओहोटी बघितलीस ना? मंग?" आज उठला. जाळ्यापाशी बसला.

गोजरा आली. ओट्याच्या कडेला बसून निवटी मासळी साफ केली, माझ्या टोपात टाकली आणि गेली.  मी ती रात्री रांधली.

१६ ऑक्टोबर

वामन आला आणि कडं परत देऊ लागला. हिरामण म्हणाला, "राहू दे तुज्याकडं. दिवालीला दुसरं करू." दिवाळीला! पुढच्या दिवसाचं बोलला! मी ते वाक्य लिहून ठेवते आहे, दुसरं काही नाही.

१९ ऑक्टोबर

गेला. पाण्यात. कान्हाच्या होडीवर, वल्ह्याला. मी बंदरावर उभी, अर्धं गाव उभं. होडी परत आली तेव्हा पाटीत जेमतेम कालवणापुरती कोलंबी. त्याने ती उचलून आधी बायजाबाईंच्या समोर ठेवली.

मनात अजून येतं का, विचारलं. म्हणाला, "येतं कदी कदी. आलं की तुला सांगतो." खरं बोलतो म्हणून बरं वाटतं.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आज दुपारी बायजाबाई आल्या नाहीत. मी म्हटलं, काही काम असेल. हिरामण उठून उभा राहिला. "गावात सगळ्यांकडं दिवे व्हते, सगुणा. तिच्याकडं कोन गेलं?" कोणीच नाही. मी पण नाही. तो तसाच उघड्या डोक्याने निघाला, मी मागे.

दार लोटलेलं होतं. तो आत गेला, मी बाहेर. आधी त्याचा हळू आवाज — मी त्याला जे विचारलं होतं, तेच त्यांना विचारत होता. मग बायजाबाई — खोल कुठून तरी आल्यासारखं त्यांचं रडणं.

तो बाहेर आला. डोळे लाल, पण आवाज स्वच्छ. म्हणाला, "काशीला सांग. मानसांना सांग. उद्यापासनं जाळी माज्या ओट्यावर नको. हितं, आयेच्या ओट्यावर आना."