रोशीची बाजी

लाहोर, ५ नोव्हेंबर १९६७

नाही म्हटलं! तोंडावर! कुरेशीसाहेब नव्या पिक्चरची गोष्ट ऐकवायला आले, निहारी चापून खाल्ली आणि हात धुताधुता म्हणतात — "गुलरुख, तू तैमूरची आई करतेयस." तैमूरची! गेल्या ईदच्या पिक्चरमध्ये मी त्याची नायिका होते. माझ्याहून तीन वर्षांनी थोराड घोडा! आणि आमच्या पिक्चरमधली आई म्हणजे पांढरी ओढणी, शिलाई मशीन आणि खोकला. एकदा पांढरी घेतली की रंगीत परत कोणी देत नाही.

७ नोव्हेंबर

अम्मा धुमसतेय. "आईचंच काम मिळायचं होतं, तर मी इतकी वर्षं झाकलं कशाला?" बरोबर आहे तिचं. रोशी माझ्या पोटात असताना तिचा बाप पळाला. माझा पहिला पिक्चर नुकता लागलेला. लेकुरवाळी नायिका कोण बघतं? अम्माने तिला आपलं शेंडेफळ म्हणून वाढवलं. रोशी तिला अम्मा म्हणते, मला बाजी — थोरली बहीण. या धंद्यात अशा 'धाकट्या बहिणी' किती, ते सगळ्यांना ठाऊक. त्या बहिणी सोडून.

१३ नोव्हेंबर

फोन वाजला. नायिकेचं काम असेल म्हणून धावले. खाला होती, अम्माची बहीण; अम्माशीच बोलायचं होतं.

१४ नोव्हेंबर

नायिका व्हायचं म्हणून आईपण लपवलं. आता नायिकाच उरली नाही, तर लपवायचं कशासाठी? पण रोशीला सांगू काय? तुझ्यापेक्षा पोस्टर मोठं वाटलं मला, हे? पंधरा वर्षांची आहे. परत तोंड बघणार नाही माझं. भीती वाटते.

१५ नोव्हेंबर

कुरेशींना होकार कळवला. रोशीला काही नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

शाळेला सुट्टी, म्हणून रोशी हट्टाने स्टुडिओत आली. कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसली. सीन असा — मुलगा परदेशी निघालाय, आई निरोप देते. एवढंच म्हणायचं होतं, "जा बेटा, खुदा हाफिज." मी काय केलं? तैमूरचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कुराणातली आयत पुटपुटले, कपाळावर तीनदा फुंकर घातली आणि तोंडातून गेलं — "जा माझ्या चिमण्या."

हे माझं आणि रोशीचं आहे! पहाटे शूटिंगला निघताना, ती झोपेत असताना, मी रोज करते. दिवसाउजेडी अम्मा करू देत नाही — "बहिणी असं बोलत नाहीत."

"अम्मीजान," तैमूर म्हणाला, "पुढच्या वेळी वेलदोडा खाऊन फुंका!" सगळे फिदीफिदी हसले. कुरेशीसाहेब मात्र डोळे पुसत होते. "ना मूल, ना बाळ, कुठून आणलंस गं हे?"

रोशी हसली नाही. मोटारीत सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसली. मी तिला सांगायचं सोडून ड्रायव्हरशी पेट्रोलच्या भावावर बोलत बसले. भित्री कुठली!

२७ नोव्हेंबर

जेवताना रोशी म्हणाली, "अम्मा, रायता."

अम्माने वाडगा पुढे केला.

"तुला नाही म्हटलं, नानी." तिचा हात माझ्याकडे पसरलेला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पहाटे मी जागीच असते."