वादी हजर

तीर्थरूप धाकटे मामा यांच्या चरणी, गेली एकोणीस वर्षं त्यांच्याच विरुद्ध दावा चालवणाऱ्या भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? (कोर्टातल्या तुमच्या लेखी जबाबात, परिच्छेद अकरामध्ये, तुम्ही मला 'कृतघ्न भाचा' म्हटलं आहे. ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. परिच्छेद बारामध्ये 'कारस्थानी' म्हटलंत, ते मात्र लागलं.) पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे. मागणं काही नाही.

थोरल्या मामांना जाऊन आज त्र्याऐंशी दिवस झाले. दाव्यातले वादी ते; नव्वद दिवसांच्या आत त्यांचा वकील म्हणून मी त्यांच्या जागी वारसाचं नाव लावलं नाही, तर दावा आपोआप संपेल. अर्ज एका पानाचा. पण त्यांना ना बायको ना मुलं, माझी आईही गेली. वारस उरता एकटे तुम्ही. म्हणजे वादी तुम्ही, प्रतिवादीही तुम्हीच, आणि मी तुमच्या वतीने तुमच्यावरच गरजणार! तेही मी केलं असतं, आवाज आहे माझ्याकडे. अडचण वेगळीच आहे. 'वादी मयत' हे दोन शब्द माझ्या हातून उमटत नाहीत, कारण वादी तारखांना येतो आहे.

हसू नका. भुताखेतांच्या विरोधात मी किती सभा गाजवल्या, तुम्हाला ठाऊक आहे. एकदा तर टेबलावर मूठ आपटून म्हणालो होतो की मेलेला माणूस परत आला, तर त्याचं वकीलपत्र मी घेईन! (थोरल्या मामांचं माझ्याकडे आधीच होतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.) चूक माझीच. गेले त्याच्या आदल्या दुपारी त्यांचा इस्पितळातून फोन आला, "अरे, उद्या यायलाच हवं का? छातीत बरं वाटत नाही." मी समोरच्या कागदांतून डोकं वर न काढता, रोज दहा अशिलांना सांगतो तेच सांगितलं, "हजर राहावंच लागेल मामा. सोक्षमोक्ष लागेपर्यंत एकही तारीख चुकवायची नाही." "बरं," म्हणाले. पहाटे गेले. त्या दिवशी मी अर्थातच कोर्टात नव्हतो. तरी नोंदवहीत लिहिलंय, 'वादी हजर, वकील गैरहजर.'

पुढच्या तारखेला मी मृत्यूचा दाखला घेऊन गेलो. दारातच पुकारा करणारा शिपाई म्हणाला, "वकीलसाहेब, मामा आलेत बरं का. त्यांना म्हणावं पुढे बसा, तिथे पंखा नाही." मी म्हटलं, "अहो, ते वारले." तो म्हणाला, "असतील. पण तारीख चुकवत नाहीत हो, ही मोठी गोष्ट." मी वळून पाहिलं. मागचं बाक, डावी कड, रिकामी. त्याच्या उजवीकडे आणखी एका माणसाची जागा, तीही रिकामी. भिंतीला खेटून नऊ माणसं ताटकळत उभी होती, पण तिथे कुणी टेकत नव्हतं. एक जाडजूड बिल्डर टेकला आणि लगेच उठला. "माफ करा," म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. कामकाज संपल्यावर मी त्या बाकावरून बोट फिरवलं. लोखंडाचा कीस होता, मामा. चावी घासताना पडतो तसा, बारीक, आणि अजून कोमट.

उजवीकडची जागा कुणासाठी, याचा मी फार विचार केला. (तुम्ही तर एकोणीस वर्षांत एकदाही कोर्टात आला नाहीत, तुमचे वकील मुदतवाले तेवढे येतात आणि मुदत मागून जातात.) बापाचं कुलपांचं दुकान दोघांनी मधोमध वाटून घेतलंत. मधल्या दाराला त्यांनी अलीकडून कुलूप घातलं, तुम्ही पलीकडून. गावाला कुलपं उघडून देणारे दोघे सख्खे भाऊ, आणि ते दार तेवढं उघडेना! पंधरा वर्षांपूर्वी थोरले मामा माझ्या ऑफिसात येऊन म्हणाले होते, "मिटवून टाकू का रे? तो एकटा पडलाय." त्या एका माणसापुढे मी चाळीस मिनिटं भाषण केलं. तडजोड म्हणजे न्यायाचा गळा घोटणं, अन्यायापुढे मान तुकवणारा इतिहासाचा गुन्हेगार, वगैरे. फार रंगलं होतं. ते "बरं" म्हणाले आणि चहा न घेता गेले.

त्या भाषणातला एकही शब्द आता मला पटत नाही. दावा तर येत्या गुरुवारी, पुढच्या तारखेलाच, आपसूक संपेल. कायद्याने दोन्ही बाजू तुमच्याच. पण सोक्षमोक्ष लागेपर्यंत यायचं, असं मी ज्यांना सांगितलं, त्यांना तो लागला हे कोण सांगणार? माझा आवाज तिथवर पोचत नाही. मी प्रयत्न केला, रिकाम्या बाकापुढे उभं राहून. शिपायाने मला पाणी आणून दिलं.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा (परिच्छेद अकरा आणि बारा),
भाचा

ता. क. मागणं काही नाही म्हटलं, ते खोटं. गुरुवारी कोर्टात जाण्याआधी, सकाळी नऊला, दुकानात या. तुमची चावी घेऊन. मग दोघं मिळून कोर्टात जाऊ. उजवीकडची जागा तुमची आहे.

ता. क. २. मधल्या दाराच्या आमच्या बाजूच्या कुलपाची चावी थोरल्या मामांच्या गळ्यातल्या दोऱ्याला होती आणि त्यांच्याबरोबरच गेली. स्मशानात तुम्ही लांब उभे होतात, तरी पाहिलंत. म्हणून काल मी कुलूप फोडायला हातोडी घेऊन गेलो. फोडावं लागलं नाही. ते उघडलेलं होतं, तेलपाणी करून कडीला नीट अडकवलेलं, आणि उंबऱ्यावर कीस पडला होता.

आता फक्त तुमचं राहिलंय.