आवाज न करणारी क्वालिस

सालेकसा,
१० नोव्हेंबर २०२५

चि. सोनिका हिस बाबूजींचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रविवारी तुझा फोन आला, पण तू काय बोललीस ते काही नीट कळलं नाही. पुण्याकडची माणसं पुटपुटतात, आणि चाकणच्या कारखान्यात इंजिनिअर झाल्यापासून तूही त्यांच्यातलीच झालीस. त्यात मोबाइल कंपन्यांनी पैसे वाढवले आणि आवाज घटवला. म्हणून पत्रच बरं. कागद तरी स्पष्ट बोलतो.

बातमी मोठी आहे. नागपूरच्या एका गाड्यांच्या दुकानदाराने टोयोटाच्या जुन्या मालकांचा मेळावा ठेवला आहे, जानेवारीच्या शेवटी. ज्याच्याकडे वीस वर्षांहून जुनी गाडी एकाच हातात आहे आणि अजून धावते आहे, त्याने ती तिथवर रस्त्याने न्यायची आणि स्टेजवर दोन शब्द बोलायचे. आपली क्वालिस २००३ सालची. तुझ्या मायने माझा कोट धुवायला काढलासुद्धा. मी तिला म्हटलं, कोटाकडे कोण बघतो, लोक गाडी बघायला येणार.

भाषणात कंपनीचा थोडा इतिहास टाकावा म्हणतो. तू या धंद्यातली आहेस, तर चार ओळी लिहून पाठव. जपानी शब्द कमी घाल, माझी जीभ वळत नाही.

आणखी एक. आपल्या भोजराजची चंचल दिवसांत आहे, डिसेंबरात मोकळी होईल. माझा धाकटा भाऊ गेल्यापासून भोजराजला मी पुतण्या नाही, मुलगाच मानत आलो. त्याची वरात याच गाडीतून निघाली. मी आपणहून म्हटलं की दवाखान्यातही आपल्याच गाडीतून नेऊ. त्याने मान डोलावली आणि मोबाइलमध्ये सरकारी रुग्णवाहिकेचा नंबर घालून ठेवला. मला फार लागलं. बावीस वर्षांत जी गाडी एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही, तिच्यावर त्याचा विश्वास नसावा?

लोभ आहेच, तो आपल्या गाडीसारखा विनातक्रार चालू ठेव.

तुझा,
बाबूजी

---

चाकण,
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबूजींस, सोनिकाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. इथल्या मैत्रिणींना तुमची पुटपुटण्याची ओळ वाचून दाखवली, हसून हसून पुरेवाट झाली. मी फोनवर किती ओरडले ते शेजारच्या खोलीत ऐकू गेलं, तुम्हालाच तेवढं गेलं नाही. आता तुमचा इतिहास घ्या.

तुमची टोयोटा आधी मोटारी करतच नव्हती, कापडाचे माग करायची. साकिची टोयोडा नावाचा सुताराचा मुलगा होता. घरी आई हातमागावर बसायची, तिचे कष्ट पाहून याने लाकडाचा सुधारलेला माग बनवला असं सांगतात. पुढे त्याने यंत्रमाग केला, आणि त्यातली एक गोष्ट आम्हाला कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. दोरा तुटला की तो माग आपणहून थांबायचा. नाहीतर तुटल्या दोऱ्याने वार वार कापड विणलं जाई आणि सगळं फुकट जाई. साकिचीच्या मुलाला मोटारींचं वेड लागलं आणि मागाच्या कारखान्यातून मोटारीचा कारखाना निघाला. घराण्याचं नाव टोयोडा, पण कंपनीचं टोयोटा ठेवलं, कारण ते जपानी लिपीत आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ आकडा तिकडे शुभ. म्हणजे मुहूर्त बघणारे आपणच एकटे नाही.

भाषणात तुमचं समाधान तुमच्या शब्दांत सांगा. लोकांना तेच आवडेल. लिहून झालं की मला पाठवा, मी तपासून देते. आणि भोजराजदादावर रागावू नका. पहिलटकरणीचा नवरा, घाबरणारच.

मायला नमस्कार. तुमची माया अशीच असू द्या, आणि पत्रातला टोमणाही.

तुमची,
सोनिका

---

सालेकसा,
२६ नोव्हेंबर २०२५

चि. सोनिका हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा इतिहास मला फार आवडला. आपणहून थांबणारा माग! मी बोडीवर, तळ्याकाठच्या पारावर सगळ्यांना सांगितला. सगळे बघतच राहिले. काय म्हणाले ते कळलं नाही, एकाच वेळी बोलत होते.

धान निघालं. आमगावच्या रस्त्याची एक बाजू खोदून ठेवली आहे, तरी पुढच्या आठवड्यात पोती गाडीत घालून मिलवर जाईन म्हणतो. तुझ्यासाठी तांदूळ भरडून ठेवतो.

भाषण लिहिलं. शेवटचा भाग मला स्वतःलाच फार जमल्यासारखा वाटतो, तो उतरवून देतो: "मित्रहो, नवी असताना ही गाडी चांगलीच आवाज करायची. डिझेलची गाडी, करणारच. पण वर्षं गेली तसा तिचा आवाज कमी कमी होत गेला. आज तर ती चालू आहे की बंद, हे हात ठेवून बघावं लागतं. माणूस म्हातारपणी कटकट्या होतो, ही जपानी बाई मात्र म्हातारपणी शांत झाली. याहून जास्त समाधान कोणत्या मालकाला हवं?"

कसं काय? टाळ्या पडतील ना? तुझ्या मायला वाचून दाखवलं, तर ती उठून चुलीकडे निघून गेली. तिला माझं कौतुक कधी झालंय!

माया आहेच, तशी तुझ्याकडूनही असू दे.

तुझा,
बाबूजी

---

चाकण,
१ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबूजींस, सोनिकाचा साष्टांग नमस्कार.

बाबूजी, तुमचं भाषण मी हसत वाचायला घेतलं आणि शेवटच्या भागावर अडले. मी दोनदा वाचलं. तेव्हापासून कामात लक्ष नाही.

मी रोज इंजिनांत असते. कंपनी जपानची असो की आणखी कुठली, इंजिन जुनं होतं तसा त्याचा आवाज वाढतो. रबर वाळतं, दरवाजे सैल होतात, सायलेन्सर गंजतो. बावीस वर्षांची डिझेल गाडी शांत होत नाही. कधीच नाही. ती फार चांगली गाडी आहे, पण ती शांत झालेली नाही. तुमचे कान गेले आहेत.

असं सरळ लिहिल्याबद्दल माफ करा, मला दुसरं सुचत नाही. फोन केला असता, पण तुम्ही हॅलो हॅलो करून फोन मायकडे देता. मायला सांगितलं तर बोलता बोलता चारचौघांत निघेल आणि तुम्हाला ते सोसणार नाही. म्हणून हे फक्त तुम्हाला लिहिते आहे. पुटपुटणारा फोन, पुटपुटणारी मी, पारावरची माणसं, सगळं आता मला वेगळंच दिसतं आहे. मी दिवाळीत चार दिवस घरी होते आणि मलाही कळलं नाही, याचाच मला धक्का बसला आहे.

तुमच्या पाया पडते, मी येईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. रजा टाकली आहे, पुढच्या आठवड्यात येते. आपण गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. तांदूळ मला नको.

तुमची,
सोनिका

---

सालेकसा,
६ डिसेंबर २०२५

सोनिका बेटीले मायचा आशीर्वाद.

फोनवर मी नुसती रडत होती, तुले काई समजलं नसन, म्हनून लिहून राहिली.

परवा सकाळी हे पोते घेऊन मिलवर गेले. मांगं छतापर्यंत पोते, आरशात काईच दिसत नाई. बाजूचा आरसा तर मांगंच बैलबंडीनं तोडला होता. इकडे चंचलले एकाएकी कळा सुटल्या. सालेकसाच्या डाक्टरीनबाईनं सांगतलं का लेकरू उलटं आहे, गोंदियाले न्या. भोजराजनं तेच सरकारी गाडी बोलावली अन् तिच्यासंगं बसला.

आमगावच्या रस्त्यावर एकच बाजू चालू. सामोर एक गाडी मधामधातून हळूहळू चालून राहिली. सरकारी गाडीच्या डायवरनं भोंगा वाजवला, हार्न वाजवला, दिवे दाखवले. सामोरचा काई बाजूले होईना. डायवर म्हने, असा बेशरम मानूस जिंदगीत पाह्यला नाई. भोजराजनं काचेतून नंबर पाह्यला. बेटी, ते आपली क्वालिस होती.

रेल्वे फाटक बंद होतं म्हनून हे थांबले. भोजराज उतरून धावत गेला, काचेवर मुक्के मारले. तं हे हासले, दार उघडलं, अन् त्याले म्हनाले का चाल बस, मिलवर चाललो. मांगं तो भोंगा बोंबलून राहिला होता अन् ह्याईले काईच नाई! हे भोजराजनंच मले सांगतलं. त्यानं त्याईले धरून मांगं वळवलं, तवा त्याईनं ते गाडी पाह्यली.

लेकरू तिथंच फाटकावर झालं. पोरगी आहे. निळी पडली होती, रडली नाई. गोंदियाले काचंच्या पेटीत ठेवली आहे. चंचलचं रगत लय गेलं, पन ते वाचली. पोरीचं डाक्टर अजून सांगत नाईत.

मले मालूम होतं बेटी, त्याईले कमी ऐकू येते. भोजराजलेही मालूम होतं, तं म्हनूनच तो त्यांच्या गाडीत बसवाले भ्यायचा. सारं गाव जोरानं बोलायचं. पन त्याईले कोन सांगन? गाडीचं कौतुक करत होते, तं मले वाटे, करू दे. काऊन मी चूप बसली?

तुझं पत्र काल आलं. त्याईनं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. तवापासून जेवले नाईत. गाडीची चाबी देवाजवळ ठेवून दिली. तू लवकर ये.

तुझी माय,
देवकाबाई

---

सालेकसा,
१२ जानेवारी २०२६

चि. सोनिका हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मला डॉक्टरकडे नेलंस, कानात यंत्र बसवून परत गेलीस, आणि मी तुझ्याशी धड बोललोही नाही. माझ्यावर रागावली नाहीस ना? बोलायला तोंडच नव्हतं. आता लिहितो.

पहिले काही दिवस यंत्र घातलं की डोकं उठायचं. भांड्यांचा आवाज, पाखरांचा आवाज, तुझ्या मायच्या बांगड्या. हे सगळं इतकी वर्षं चालूच होतं आणि मला वाटायचं की म्हातारपणी घर शांत झालं.

चाबी मी भोजराजच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. त्याने ती उचलून आत नेली. तो महिनाभर माझ्याशी बोललाच नाही, आणि कोणत्या तोंडाने म्हणू की बोल? रोज तुझी माय त्याच्या घरून यायची आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. पोरगी अजून आहे, इतकंच ती हाताने सांगायची. यंत्र कानात असूनही मला विचारायची हिंमत होत नव्हती.

काल पोरीला दवाखान्यातून सोडलं. त्या सकाळी भोजराज दारात आला. म्हणाला की गोंदियाला जायचं आहे, मोठे बाबूजींनी सोबत यावं. मी कोट न घालताच निघालो.

त्याने चाबी फिरवली आणि सोनिका, मी घाबरून दाराला धरलं. मला वाटलं काहीतरी फुटलं. सगळी गाडी खडखडत होती, दरवाजे, काचा, खालचा पत्रा, एकूणएक. मी त्याला ओरडून विचारलं की हे काय झालं, कधी झालं. तो समोर बघत म्हणाला की सात-आठ वर्षं झाली, वळणावर असतानाच गावाला कळायचं की नंदलालजींची गाडी आली. सात-आठ वर्षं! त्याच खडखडाटात बसून मी सगळ्यांना शांततेचं कौतुक सांगत होतो आणि ऐकणारे माना डोलावत होते. मला हसू येईना आणि रडूही येईना. गाडीचा मात्र दोष नाही. एवढं सगळं सैल होऊनही ती कुठे अडली नाही, गोंदियाला नेऊन आणलं.

फाटकाजवळ भोजराजने गाडी हळू केली. मी डोळे मिटले. तुझा तो माग माझ्या डोक्यातून जात नाही. दोरा तुटल्यावर थांबायचं त्या लाकडाला कळत होतं, आणि मी पोती भरून मधोमध चालतच राहिलो. फाटक बंद नसतं तर कुठवर गेलो असतो, हे सारखं मनात येतं.

येताना चंचल मागे माझ्या बाजूला बसली. अर्ध्या वाटेत तिने पोरीला माझ्या मांडीवर दिलं. पोरगी लगेच रडायला लागली, ती थांबेचना. गाडी अशी खडखडते आहे, आणि त्याच्याही वर तिचा आवाज. चंचलने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बघितलं. आणि विचारलं की मोठे बाबूजी, ऐकू येते का. ती रागाने विचारत होती की मायेने, ते मला ओळखता आलं नाही. मी म्हटलं, येते बेटा, ऐकू येते.

नागपूरला भोजराज गाडी नेणार आहे, मी शेजारी बसेन. भाषणातला शेवटचा भाग खोडला. त्या जागी काय बोलायचं ते ठरलं आहे. मागून भोंगा वाजत होता तो मला ऐकू आला नाही, हेच सांगीन. तिथे सगळे माझ्याच वयाचे मालक असतील.

कान गेले तरी माया गेली नाही, तुझीही राहू दे. आणि आता फोन करत जा. बघतो, पुटपुटतेस का.

तुझा,
बाबूजी