‘के’ अक्षराचं नाणं

९ जानेवारी
निश्चय. ईस्टरपर्यंत नवं नाणं घ्यायचं नाही. एकही नाही. बायकोला, रोझविथाला, तसं सांगितलंही. ती हो म्हणाली आणि भांडी घासत राहिली. विश्वास असला की माणूस वळूनही बघत नाही.
मार्चमध्ये आमच्या चिनीमाती-नाणे मंडळाची निवडणूक. अध्यक्ष मीच होणार. डॉ. हेम्पेलही उभे आहेत म्हणे. ते दातांचे डॉक्टर. चिनीमातीशी त्यांचा संबंध कवळीपुरता.

११ जानेवारी, सकाळ
ड्रेस्डेनला जातोय. एल्बे नदीकाठी जुना बाजार भरतो. नुसतं चालायला. गुडघ्यांना बरं.

त्याच दिवशी, दुपार
एक घेतलं. पण ते नाणं आहे की पदक, हे अजून ठरायचंय. म्हणजे निश्चय शाबूत.
पांढरीशुभ्र चकती, वर निळं ‘K’. बाकी काही नाही. ना साल, ना किंमत, ना माइसेन कारखान्याचा तलवारींचा छाप. एवढी साधी वस्तू दुर्मीळच असणार! विकणारी बाई म्हणाली, घेऊन जा आजोबा, माझ्या खोक्यातली अडगळ तेवढीच कमी. काय पक्की बाई! पण मीही चेहरा कोरा ठेवला. चकती मोज्यात घालून घरी आणली.

१४ जानेवारी
उलगडा झाला. K म्हणजे कामेंट्स गाव! पहिल्या महायुद्धानंतर धातूचा तुटवडा होता, तेव्हा गावोगावची नाणी चिनीमातीची निघाली. त्यातला हा नमुना. कामेंट्सवाल्यांनी मागवला, मग नापसंत केला. कुठल्याच यादीत नाही, यावरूनच तो किती गुप्त होता ते कळतं.
मागे जुनं सिमेंट चिकटलंय. संरक्षक लेप असावा.

२ फेब्रुवारी
पुन्हा बाजार. गुडघ्यांसाठीच.
तीच बाई. तिच्याकडे दुसरी चकती निघाली. लाल ‘W’! म्हणजे वुर्त्सेनही यात सामील होतं. दोन गावांचा संयुक्त चलन-कट. बाई म्हणाली, जोडी आहे ती, सुटी विकत नव्हते, पण पहिली तुम्ही पळवलीत. तिलाही जोडी कळते. अर्धवट ज्ञान.

९ फेब्रुवारी
निवडणुकीच्या सभेत भाषण देणार. विषय: कामेंट्स-वुर्त्सेन रहस्य. रोझविथाला चकत्या दाखवायच्या होत्या, पण तिला आधी कळलं तर आश्चर्य काय उरलं? ती म्हणाली, मीही येते सभेला, आयरशेके केक करून आणते. चांगलं आहे. विजयानंतर लोकांना भूक लागतेच.
पस्तीस वर्षं लोकांचे डोळे तपासले मी. माझी नजर चुकत नाही.

२० मार्च
उद्या सभा. डॉ. हेम्पेलना फोन करून मोठ्या मनाने सुचवलं की नाव मागे घ्या, इज्जत राहील. ते म्हणाले, निच्के, तुमचं भाषण ऐकल्याशिवाय नाही. घाबरलेत.

२१ मार्च, रात्री
भाषण झालं.
पडद्यावर निळं K झळकलं आणि सगळे खुर्च्यांत पुढे झुकले. मला वाटलं, भारावले. मग मागून श्रीमती ओपित्झ म्हणाल्या, अय्या, आमच्या आजीच्या न्हाणीघरातला नळ! कोणी म्हणालं, आमच्याही. कोणी म्हणालं, K म्हणजे ‘काल्ट’, गार, W म्हणजे ‘वार्म’, गरम, लहानपणी मी उलटा सोडला होता, अजून भाजल्याचा डाग आहे. त्याने सदरा वर करून दाखवायलाही सुरुवात केली. अख्खं सभागृह हसत होतं. डॉ. हेम्पेलनी मोठ्याने विचारलं, निच्के, पुढच्या सभेला टब आणताय ना?
मी बोलत राहिलो. वुर्त्सेनपर्यंत पोचलोही. मग कागद गोळा करायला लागलो.
तेवढ्यात रोझविथा केकची सुरी हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, दात काढणं पुरे, डॉक्टर. तुम्ही कॉफीच्या बशीचा तुकडा घासून गोल केला आणि वर्षभर राजाचं पदक म्हणून मिरवलात, ते रडत रडत फोनवर कोणाला सांगितलंत? मला. कारण माझा नवरा गॉटहोल्ड घरी नव्हता. मग ती श्रीमती ओपित्झकडे वळली, पण बाईंनी आधीच मान खाली घातली होती. खजिनदारांनी तर टेबलाखाली काहीतरी शोधायला घेतलं. रोझविथा म्हणाली, हा माणूस फसला, पण तुमच्यातला कोण नाही फसला? आता सगळ्यांनी केक खा.
सगळ्यांनी खाल्ला. कोणी हसलं नाही.
माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. सभागृहात धूळ फार.
मग निवडणूक. कोणीतरी म्हणालं, अध्यक्ष अशी हवी! डॉ. हेम्पेलनीच अनुमोदन दिलं. एकमत. म्हणजे मीही हात वर केला. ती माझ्याकडेच बघत होती.

२२ मार्च
नाश्त्याला सहज विचारलं, पुढच्या सभेत बोलू का? दारांच्या मुठींवर चिनीमातीचे गोळे असतात, त्यांवर नवा विचार सुचलाय. रोझविथा म्हणाली, निच्के साहेब, अर्ज सचिवांकडे द्यावा. सचिव हेम्पेल.
पण मंडळाने मला विसरलेलं नाही. सभेआधी खुर्च्या मांडण्याचं काम माझ्याकडे आलंय. विचार केला तर हेच खरं पद. अध्यक्षांच्या खुर्चीशी इतका जवळचा संबंध दुसऱ्या कोणाचाही नाही.